इंग्रजी क्रियापदाला 'अन-', 'डिस-', 'मिस-' लागलं की अर्थ नेमका कसा बदलतो?

'अन-' म्हणजे सरसकट 'नाही' नव्हे. क्रियापदाला लागलं की ते झालेली क्रिया उलटवतं: 'अनलॉक' म्हणजे लावलेलं कुलूप उघडणं. कुलूप लावलंच नसेल, तर 'डिडन्ट लॉक'.

खरा घोळ '-एड' रूपात होतो. 'अनपॅक्ड' बॅग भरून रिकामी केलेली असेल, किंवा मुळात भरलेलीच नसेल, संदर्भ बघा. 'अनकुक्ड राइस' मात्र कच्चा तांदूळच, कारण शिजलेला भात परत कच्चा कसा करणार?

'डिस-' दोन्हीकडे चालतं: 'डिसकनेक्ट' म्हणजे जोडलेलं तोडणं, 'डिसअग्री' म्हणजे नुसतं न पटणं. 'मिस-'मध्ये सहसा नकार नसतो. 'मिसरीड' म्हणजे वाचलं, पण चुकीचं.

आणि 'लूसन', 'अनलूसन' दोन्हींचा अर्थ सैल करणं. तिथे तर्क लढवू नका, पाठच करा.