३८३ रोज चालवायचंय?

१९७० च्या शेव्हेलमधलं (शेव्हरोलेची जुनी अमेरिकन गाडी) ३५० घनइंचाचं इंजिन वाढवून ३८३ घनइंचाचं करायचं आणि रोज चालवायचं म्हणतोस, जरूर कर. 'स्ट्रोकर (पिस्टनची वर-खाली धाव, म्हणजे स्ट्रोक, वाढवलेलं इंजिन) टिकत नाही' हे ऐकून बिचकू नकोस. स्ट्रोक ३.४८ वरून ३.७५ इंच झाला म्हणून इंजिन मरत नाही, मरतं ते घाईच्या जोडणीनं. ब्लॉकमधले सिलिंडर ०.०३० इंचानं मोठे बोअर झाले की क्रँक (पिस्टनच्या धावेनं फिरणारा मुख्य दांडा) हातानं पूर्ण फिरवून बघायला सांग: पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचे बोल्ट कॅमशाफ्टला (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, म्हणजेच कॅम) किंवा ब्लॉकच्या खालच्या कडेला लागतात का? लागत असतील तर तिथे घासून जागा करावी लागते. बॅलन्सिंगचे पैसे वाचवू नकोस. क्रँक एक्स्टर्नल बॅलन्सचा (तोल साधायचं काही वजन क्रँकबाहेर, त्याच्या टोकांच्या डॅम्पर आणि फ्लायव्हीलवर) असेल तर डॅम्पर आणि फ्लायव्हीलही तसेच हवेत, नाहीतर थरथर बेअरिंग खाईल.

कॅम मात्र सौम्य घे. जंगी कॅमचा आवाज सिग्नलला भारी वाटतो, पण इंजिनचा व्हॅक्यूम घटतो आणि त्यावर चालणाऱ्या पॉवर ब्रेकचं पेडल दगड होतं. ३८३ ची खरी मजा खालच्या आरपीएमच्या टॉर्कमध्ये आहे. लोखंडी सिलिंडर हेड असतील तर कॉम्प्रेशन रेशो ९.५:१ च्या आसपास ठेव, म्हणजे पंपावरचं प्रीमियम पेट्रोल पुरतं.

रेडिएटर जुनाच ठेवणार असशील तर उन्हाळ्यातल्या ट्रॅफिकमध्ये तापमानाचा काटा वर चढेल. मायलेजचं विचारूच नकोस!