नवीन लॉ फर्मने प्रचारासाठी क्यूआर कोड वापरावा का?

तुम्ही लिहिलंय की वाशीत दोघा मित्रांनी मिळून लॉ फर्म काढली आहे. जाहिरात एजन्सीचा माणूस सांगतोय की पाटीवर, व्हिजिटिंग कार्डावर, पेपरातून टाकायच्या पत्रकांवर आणि रिक्षांच्या मागे क्यूआर कोड लावा, लोक स्कॅन करतील आणि थेट तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर येतील. हे करावं का, असा तुमचा प्रश्न. मी ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात वकिली करते आणि आमच्या ऑफिसात क्यूआर कोड रोजच्या वापरात आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पत्रकं आणि रिक्षा हे दोन्ही आजच यादीतून काढून टाका. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, घेतल्यावर आपण सगळेच ज्या नियमांखाली येतो, त्या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या (वकिलांच्या देशपातळीवरच्या नियामक संस्थेच्या) नियमांतला ३६ वा नियम पुन्हा एकदा शांतपणे वाचा. वकिलाने प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे काम मागायचं नाही, जाहिरात करायची नाही. पत्रकं, दलाल, ओळख नसताना घेतलेल्या गाठीभेटी, आपण लढवत असलेल्या केसच्या निमित्ताने पेपरात फोटो छापून आणणं, हे सगळं त्यात नाव घेऊन लिहिलेलं आहे. पाटीसुद्धा माफक आकाराची हवी आणि तिच्यावर अमुक प्रकारच्या कामात विशेष प्रावीण्य आहे असं लिहिता येत नाही. तेव्हा ‘घटस्फोट आणि प्रॉपर्टी स्पेशालिस्ट, स्कॅन करा’ असा एजन्सीने दिलेला नमुना एकाच ओळीत दोनदा नियम मोडतो.

कोड म्हणजे नुसते काळे-पांढरे चौकोन, त्यात जाहिरात कुठे, असा युक्तिवाद मी बार रूममध्येही ऐकलाय. मला तो टिकणारा वाटत नाही. कोड कुठे लावलाय आणि स्कॅन केल्यावर काय उघडतं, यावरच ठरणार. अनोळखी माणसाच्या घरात पेपरातून टाकलेलं पत्रक हे कोड असला तरी पत्रकच. तक्रार झाली आणि गैरवर्तन सिद्ध झालं, तर अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट, १९६१ च्या कलम ३५ खाली ताकीद मिळू शकते, सनद काही काळासाठी निलंबित होऊ शकते, किंवा वकिलांच्या यादीतून (रोलवरून) नावही जाऊ शकतं. नव्या फर्मला यातलं पहिलंसुद्धा परवडत नाही.

हा काही कागदावर पडून राहिलेला नियम नाही. मुंबईत फौजदारी कोर्टाच्या दारात उभं राहून येणाऱ्या पक्षकारांच्या हातातले कागद ओढून घेणाऱ्या वकिलांचं प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं होतं. बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र विरुद्ध दाभोळकर, १९७५. वकिली हा धंदा नाही, हे त्यात कोर्टाने खडसावून सांगितलं. अलीकडे, जुलै २०२४ मध्ये मद्रास हायकोर्टाने ऑनलाइन पोर्टलवरून कामं मिळवणाऱ्या वकिलांवर कारवाई करा असं बार कौन्सिलला बजावलं आणि मार्च २०२५ मध्ये खुद्द बार कौन्सिलने सोशल मीडियावरच्या प्रचारी व्हिडिओंबद्दल सक्त इशारा दिला. कोड त्यातून सुटेल असं समजायला काहीच आधार नाही.

तुमच्या एजन्सीचा माणूस खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही. त्याने वाचलेले सल्ले बहुतेक अमेरिकेतले असणार. तिथे सुप्रीम कोर्टाच्या १९७७ च्या बेट्स निकालानंतर वकिलांना जाहिरात करायची मोकळीक मिळाली, त्यामुळे तिथले वकील बसवर आणि होर्डिंगवर खुशाल कोड लावतात. दुसरं उदाहरण तो घोडबंदर रोडवरच्या बिल्डरांच्या होर्डिंगचं देत असेल. पण तिथला कोड महारेराने, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, १ ऑगस्ट २०२३ पासून सक्तीचा केलाय, आणि तो गिऱ्हाईक ओढायला नाही. घर घेणाऱ्याला प्रकल्पाची नोंदणी, मंजुऱ्या आणि मुदत तिथल्या तिथे तपासता यावी म्हणून आहे.

मला हाच वापर आपल्यालाही लागू पडणारा वाटतो. जो माणूस आधीच तुमच्याकडे आलाय, त्याला खरी माहिती पटकन मिळावी म्हणून कोड. अनोळखी माणसाला ओढण्यासाठी नाही.

कार्डापासून सुरुवात करा. कार्डावरच्या कोडमध्ये वेबसाइटची लिंक घालण्यापेक्षा सरळ संपर्काची नोंदच भरा. म्हणजे स्कॅन केलं की तुमचं नाव, नंबर आणि पत्ता समोरच्याच्या फोनबुकात जातो. त्याला नेट लागत नाही आणि मधे कुठली कंपनीही येत नाही. फक्त मजकूर आटोपशीर ठेवा. कोडमध्ये जितका मजकूर, तितके चौकोन बारीक. देवनागरीचं एकेक अक्षर साठवायला रोमनच्या तिप्पट जागा लागते, त्यामुळे पूर्ण पत्ता मराठीत भरला तर कोड मुंग्यांच्या रांगेसारखा दिसतो आणि जुन्या फोनना वाचता येत नाही. छापील बाजू मराठीत ठेवा, कोडच्या आत रोमन चालेल. कोड दोन सेंटिमीटरपेक्षा लहान नको. चारी बाजूंनी कोरी जागा सोडायला छापखान्यात बजावून सांगा, कारण डिझाइनर ती जागा वाया जाते म्हणून हमखास भरून टाकतात. मधे लोगो घालायचा हट्ट असेल तर चूकसुधारणेची पातळी सर्वांत वरची, ‘एच’, निवडा. तीत कोडचा साधारण ३० टक्के भाग झाकला किंवा खराब झाला तरी तो वाचता येतो. माझ्या मते लोगो नकोच.

वेबसाइट करायची असेल तर याच ३६ व्या नियमातल्या २००८ च्या दुरुस्तीने तेवढी वाट मोकळी केली आहे. नाव, पत्ता, फोन, ईमेल, सनदेचा क्रमांक आणि तारीख, कुठल्या राज्याचं बार कौन्सिल, शिक्षण, कामाची क्षेत्रं, एवढंच तिथे देता येतं, आणि तेही बार कौन्सिलला कळवून, त्यांच्या मंजुरीने. अशिलांचे अभिप्राय, जिंकलेल्या केसेस, ‘पहिली भेट मोफत’ यातलं काहीही नाही. ही मंजुरी हातात येण्याआधी साइटचा कोड कशावरही छापू नका.

खरा उपयोग मात्र ऑफिसच्या आत आहे. आमच्याकडे प्रत्येक अशिलाला एक पातळ फाइल देतो. तिच्या कव्हरच्या आतल्या बाजूला एक छोटा कोड चिकटवलेला असतो आणि त्यात त्या केसचा सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक, म्हणजे कोर्टाने प्रत्येक केसला दिलेला वेगळा ओळखक्रमांक, साध्या मजकुराच्या रूपात असतो. ठाण्याचे सीएनआर एमएचटीएचने सुरू होतात, पुढे आकडेच आकडे, आणि ते फोनवर सांगताना एखादा आकडा इकडचा तिकडे होतोच. पोटगीच्या केसमधल्या एक बाई दिव्याहून येतात. आधी दर आठवड्याला फोन असायचा, “मॅडम, पुढची तारीख काय पडली?” आता त्यांचा शाळकरी मुलगा कोड स्कॅन करतो, क्रमांक कॉपी करून ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या अ‍ॅपमध्ये टाकतो आणि तारीख आईला वाचून दाखवतो. मागच्या खेपेला त्या आल्या तेव्हा तारखेचं एक अक्षर न काढता थेट उलटतपासणीत काय विचारतील ते विचारत होत्या. मला तो बदल फार मोलाचा वाटला. त्यांनीच पुढे त्यांच्या नणंदेला आमच्याकडे पाठवलं. असं आलेलं काम कुठल्याही नियमात अडकत नाही.

तसाच कागदपत्रांच्या याद्यांचा कोड. सोसायटीच्या मानीव अभिहस्तांतरणाचं (बिल्डरने करून न दिलेली जमीन-इमारतीची मालकी सोसायटीच्या नावे करून घेण्याचं) काम घेतलं की कमिटीला सभासदांची यादी, नोंदणी दाखला, इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या कराराचा उतारा), सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड हे सगळं गोळा करावं लागतं, आणि सेक्रेटरी बदलला की यादी हरवते. वकीलपत्र झाल्यावर त्या कमिटीलाच यादीचा कोड द्या. नवी मुंबईत सिडकोची कागदपत्रं त्यात आणखी भर घालतात, तेव्हा तुम्हाला हे जास्तच लागेल.

फीसाठी यूपीआयचा कोड टेबलावर ठेवत असाल तर तो काचेखाली ठेवा. उघड्या स्टँडवर कोणी आपलं स्टिकर चिकटवून गेलं तर पैसे भलतीकडे जातात. पैसे भरताना शेऱ्यात ‘फी’ की ‘खर्च’ हे अशिलाला लिहायला सांगा. अशिलाच्या पैशाचा हिशोब ठेवणं आणि रक्कम फीपोटी आली की खर्चापोटी हे नोंदवणं आपल्यावर बंधनकारक आहे, नियम २५ आणि २६. शेऱ्यातच ते आलं की वर्षअखेरीला डोकेदुखी राहत नाही.

आता एजन्सी ज्याचं वार्षिक पॅकेज विकतेय त्या डायनॅमिक कोडबद्दल. त्यात स्कॅन करणारा आधी एजन्सीने घेतलेल्या कंपनीच्या सर्व्हरवर जातो आणि तिथून तुमच्या पानावर. कोणी, किती वाजता, कुठून, कुठल्या फोनवरून स्कॅन केलं याची नोंद तिथे राहते. विचार करा, नवऱ्याला न सांगता सल्ला घ्यायला आलेल्या बाईचा फोन त्या नोंदीत असतो. अशिलाने आपल्याला सांगितलेलं गुपित ठेवण्याचं बंधन भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ ने आपल्यावर घातलंय. ती आपल्याकडे आली ही गोष्टसुद्धा मी तितक्याच जपणुकीची मानते. शिवाय पॅकेजचं नूतनीकरण राहिलं की छापलेली सगळी कार्डं निकामी होतात. त्यापेक्षा स्वतःचं डोमेन, म्हणजे साइटचं नाव, घ्या आणि त्याच्या एका छोट्या वेब-पत्त्याचा साधा कोड बनवा. पान पाहिजे तेव्हा बदला, कोड तोच राहतो, आणि तो बनवायला पैसे पडत नाहीत.

एजन्सीच्या कोटेशनवर अजून सही केली नसेल तर त्यातून पत्रकं, रिक्षा, डायनॅमिक कोड आणि ‘लीड’, म्हणजे स्कॅन करून आलेली संभाव्य गिऱ्हाइकं, मोजण्याचे पैसे वगळायला सांगा. कार्डांची छपाई आणि डोमेन उरेल. पण हजार कार्डं टाकण्याआधी एक नमुना काढून घ्या, आणि तुमच्या ज्युनियरच्या नव्या फोनने नाही, तर एखाद्या अशिलाच्या तडा गेलेल्या काचेच्या जुन्या फोनने, ट्यूबलाइटखाली स्कॅन करून बघा. चकचकीत लॅमिनेशनवर उजेड परावर्तित होऊन कोड वाचला जात नसेल तर मॅट कागद घ्या.