आधी बैठक, मग बटण

तुझं पत्र दोनदा वाचलं. व्हिडिओ मात्र सहा-सात वेळा पाहिला. तू विचारतेस, बोलता न येणाऱ्या या नऊ वर्षांच्या मुलासाठी टॅब्लेटवरचं बोलकं ॲप चालू ठेवायचं, की नजरेवर चालणारं यंत्र मागवायचं, की "त्याची बौद्धिक पातळीच तेवढी नाही" हे सगळ्यांचं म्हणणं मान्य करून गप्प बसायचं? तिन्ही प्रश्नांचं उत्तर व्हिडिओच्या पहिल्या दहा सेकंदांत आहे, आणि ते टॅब्लेटमध्ये नाही.

पुन्हा लाव तो. या वेळी स्क्रीन सोड, मुलाच्या कमरेकडे बघ. बूड पुढे घसरलंय, पाठीला पोक आलंय, पाय लोंबकळतायत. टॅब्लेट त्याच्या उजवीकडे आहे, कारण टेबलावर तिथे जागा होती. स्विच, म्हणजे ॲपमधली चौकट निवडायचं बटण, डाव्या हाताखाली. तू म्हणतेस, "इकडे बघ, आता दाब." तो बघतो. डोकं उजवीकडे वळतं, उजवा हात ताठ होतो, डावा कोपरात दुमडतो आणि मूठ कानाशी जाते, स्विचपासून चांगली वीतभर लांब. मान सरळ करून हात खाली आणेपर्यंत स्क्रीनवर एकेका शब्दाच्या चौकटीवरून आपोआप सरकणारा हायलाइट पुढच्या चौकटीवर गेलेला असतो. एटीएनआर, म्हणजे मान वळली की त्या बाजूचा हात ताठ करणारा आणि दुसरा दुमडणारा रिफ्लेक्स, तू परीक्षेसाठी पाठ केला असशील; इथे तो तुझ्यासमोर खुर्चीत बसला होता. मुलाने सांगितलेलं ऐकलं, म्हणूनच त्याचा हात सुटला. आणि वहीत नोंद काय? "प्रतिसाद अनियमित."

आधी बैठक. हे वाक्य मी इतक्यांदा म्हणते की लोक कंटाळतात. कंटाळू देत.

बैठक म्हणजे महागडी खुर्ची नव्हे. बैठक ओटीपोटापासून सुरू होते. ते स्थिर नसेल तर खांदे स्थिर नसतात, खांदे नसतील तर हात आणि मान नसते, आणि मान नसेल तर नजरेचं यंत्रही चालत नाही. टेप घे. त्याचं बूड पाठीला पूर्ण टेकवून तिथपासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंतचं अंतर मोज, दोन्ही बाजूंनी वेगवेगळं. यातून तीन सेंटिमीटर वजा कर. ती झाली सीटची खोली. समजा माप ३२ आलं, तर सीट २९ हवी. व्हिडिओतली खुर्ची मोठ्या माणसाची आहे, अंदाजे ४० तरी असेल. सीट लांब असली की गुडघे वाकवायला मूल पुढे सरकतं, माकडहाडावर बसतं आणि घसरत राहतं. तुम्ही त्याला दर पाच मिनिटांनी वर ओढता आणि म्हणता, "नीट बसतच नाही." कसं बसेल?

उरलेले अकरा सेंटिमीटर पाठीमागून भरून काढ. प्लायवूड, दाट फोम किंवा चिकटवलेल्या पुठ्ठ्याचे थर चालतील. उशी चालणार नाही. उशी दहा मिनिटांत चेपते आणि तू पुन्हा होतीस तिथेच येतेस. रुंदी खुब्यांच्या मापापेक्षा दोन-तीन सेंटिमीटरच जास्त हवी. कडेला मोकळी जागा राहिली की तो एका बाजूला कलतो. पायांखाली ठोकळा, तळवे पूर्ण टेकतील एवढा.

नव्वद-नव्वद-नव्वदचा नियम तुला माहीत आहे: खुबा, गुडघा, घोटा, सगळे काटकोनात. तो देववाणी समजू नकोस. मांडीमागचे स्नायू आखडलेले असतील आणि तू पाय पुढे टेकवलेस, तर तेच स्नायू ओटीपोटाला खालून पुढे ओढतात आणि बूड परत घसरतं. अशा मुलाचे पाय थोडे मागे, सीटच्या खाली येऊ दे. खुबा नव्वदपर्यंत वाकतच नसेल तर जबरदस्ती करू नकोस. निखळलेला खुबा दरवेळी दिसून येत नाही, म्हणून मापं घेण्याआधी फिजिओथेरपिस्टला आणि हाडांच्या डॉक्टरांना विचार.

पट्टा पोटावर बांधलाय, तो आजच्या आज सोड. पट्टा मांडी आणि ओटीपोट मिळतात त्या घडीवर येतो, सीटशी साधारण ४५ अंशांत, मागे आणि खाली ओढलेला. खाली दोन बोटं सपाट जातील एवढाच सैल. पोटावरचा पट्टा श्वास अडवतो, आणि मूल त्याखालून घसरलं तर तो छातीवर, मग गळ्यावर येतो. एवढी एकच गोष्ट ऐकलीस तरी मला चालेल.

नव्या बैठकीत पहिल्या दिवशी वीस मिनिटांपेक्षा जास्त बसवू नकोस. उठवल्यावर कातडी बघ. लालसर डाग अर्ध्या तासात गेला पाहिजे. नाही गेला तर तिथे दाब पडतोय. तो सोडवल्याशिवाय पुढे जायचं नाही.

मग ट्रे, कोपराच्या उंचीवर. स्क्रीन नाकासमोर, वरची कड डोळ्यांच्या रेषेत. वर बघावं लागलं की मान मागे जाते आणि सगळं शरीर ताठतं.

हे सगळं झाल्यावर, आणि झाल्यावरच, स्विचकडे ये. मुलाचा हात कुठे जातो ते बघ, तुला तो कुठे न्यायचाय ते राहू दे. डोक्याची बाजू, कोपर, गुडघा, पाऊल, काहीही चालेल. अट एकच, हालचाल पुन्हापुन्हा जमली पाहिजे. दहा वेळा करून घे आणि तीन गोष्टी लिही: किती वेळा लागलं, सांगितल्यापासून दाबेपर्यंत किती वेळ गेला, आणि सोडायला किती वेळ लागला. तिसरी गोष्ट जवळपास सगळे विसरतात. ताठरपणा असलेल्या मुलाला दाबणं जमतं, सुटणं जमत नाही. स्विच दाबलेलाच राहतो आणि यंत्र त्याचं एकच "हो" धरून बसतं. सोडायला तीन सेकंद लागत असतील तर तो अवयव बदल.

स्विच हलता कामा नये. खाली घसरू न देणारी रबरी चटई, नाहीतर टेबलाला आवळलेला क्लॅम्प. सपाट ठेवण्यापेक्षा त्याच्याकडे तीसेक अंश कललेला बरा, म्हणजे मनगट न वळवता तळहात पडतो. दाबल्यावर टिक आवाज येणारा घे. लागलं की नाही हे मुलाला स्क्रीनकडे न बघता कळतं. केबलची पिन ३.५ मिलिमीटरची मोनो असते, हेडफोनची स्टिरिओ. दोन्ही सारख्याच दिसतात. दोन स्विचसाठी बनवलेल्या स्टिरिओ सॉकेटमध्ये मोनो पिन खुपसली की एक स्विच कायम दाबलेला वाटतो, आणि त्याचं खापरही मुलावरच फुटतं.

ॲपच्या आधी खेळणं. बॅटरीच्या खेळण्यासाठी इंटरप्टर, म्हणजे खेळणं स्विचवर चालावं म्हणून बॅटरीपाशी घालायची चकती, घरी होतो: पातळ पुठ्ठ्याच्या दोन्ही बाजूंना तांब्याची पट्टी चिकटव, प्रत्येक बाजूला एक तार जोड, तारांची दुसरी टोकं ३.५ मिलिमीटरच्या सॉकेटला, आणि ती चकती बॅटरी व तिच्या टोकामधे सरकव. कडेला दोन्ही पट्ट्या एकमेकींना टेकल्या तर खेळणं थांबतच नाही, म्हणून पुठ्ठा चारी बाजूंनी दोन मिलिमीटर मोठा ठेव. ही युक्ती सरकत्या चालू-बंद बटणाच्या खेळण्यालाच लागू होते. पोट दाबलं की गाणारं जे खेळणं असतं, त्याला नुसता वीजपुरवठा देऊन काही होत नाही. ते उघडून आतल्या बटणाच्या दोन टोकांना समांतर तारा जोडाव्या लागतात.

आता स्कॅनिंगचा वेग. व्हिडिओत हायलाइट दर सेकंदाला पुढे पळतोय. कुणी ठरवला हा एक सेकंद? ॲपने आणि तू, मिळून, न मोजता. लिहून ठेवलेले दाबण्याचे वेळ काढ. समजा १.१, १.४, १.२, १.५, १.३ आले. सरासरी १.३. तिला ०.६५ ने भाग, दोन सेकंद येतात. तो तुझा सुरुवातीचा वेग. हात थरथरत असेल तर सेटिंगमध्ये लागोपाठचे ठोके दुर्लक्षित करण्याची सोय असते, ती अर्ध्या सेकंदापासून लावून बघ.

याच हिशेबाने शब्दांची मांडणी कर. चार ओळी, पाच रकाने, आधी ओळ निवडायची मग चौकट. शेवटच्या चौकटीपर्यंत नऊ पावलं, म्हणजे अठरा सेकंद. एका शब्दाला अठरा सेकंद! म्हणून रोज लागणारे शब्द वर डावीकडे: नको, आणखी, थांब, दे, चल, बघ, संपलं, मी, तू. तुझ्या बोर्डावर पहिल्या ओळीत पाच रंग आहेत. दिवसभरात तू स्वतः "जांभळा" किती वेळा म्हणतेस? एकदा जागा ठरली की हलवायची नाही. शिक्षिकेला सुबक वाटतं म्हणून नाही, पालकांना नवा फोटो घालायचाय म्हणूनही नाही. नवा शब्द रिकाम्या चौकटीत जाईल. त्या आधीपासूनच सोडून ठेव.

"पातळी" या शब्दाने मला राग येतो, तो तुझ्यावर काढत नाही. पण विचार कर. तू त्याला दाखवून विचारतेस, "हे काय? ते काय?" बोलणाऱ्या मुलाला बोलण्याआधी परीक्षा देऊन पात्र व्हावं लागत नाही, त्याच्या कानावर वर्षभर शब्द पडतात, मग पहिला शब्द येतो. याच्यासमोर कुणी बोर्डावर बोट ठेवून बोललंय का? तू बोल. "थांब" म्हणताना "थांब" दाब. त्याने दाबलंच पाहिजे असं नाही. मग गप्प बस आणि मनात दहापर्यंत मोज. सहाव्याला तुझा हात त्याच्या हातावर जाईल. तो मागे घे. हात धरून दाबलेला शब्द तुझा असतो. आणि टॅब्लेटची बॅटरी संपली की भाषा संपता कामा नये, म्हणून तोच बोर्ड त्याच मांडणीत कागदावर छापून लॅमिनेट करून खुर्चीला बांध. तू ओळीवरून बोट फिरव, तो मान हलवेल किंवा आवाज काढेल.

नजरेच्या यंत्राला माझा विरोध नाही. कुणी म्हणतात मला नवं तंत्रज्ञान झेपत नाही, म्हणून मी लाकडाच्या फळीला चिकटून बसते. म्हणोत. त्या यंत्राचा कॅमेरा साधारण ६० सेंटिमीटरवरून दोन्ही डोळे शोधतो, डोकं एका ठरावीक चौकटीत असावं लागतं, आणि खिडकीतून थेट ऊन आलं तर तो गोंधळतो. घसरत जाणाऱ्या मुलाचं डोकं त्या चौकटीत किती मिनिटं राहील? महागडं यंत्रसुद्धा हेच विचारणार आहे: आधी बैठक आहे का?

साधन कसं निवडायचं यासाठीची जॉय झबाला यांची सेट (SETT) चौकट तुम्हाला शिकवतात: विद्यार्थी, परिसर, काम, आणि सगळ्यांत शेवटी साधन. शिकवतात आणि पहिल्या भेटीत साधनाचा खोका उघडतात. १९९३ साली फिलिप्स आणि झाओ या संशोधकांनी अमेरिकेत सहायक साधनं वापरणाऱ्या २२७ अपंग प्रौढांची पाहणी प्रसिद्ध केली. घेतलेल्या साधनांपैकी २९.३ टक्के साधनं लोकांनी टाकून दिलेली निघाली. त्याच्याशी जोडलेल्या कारणांत एक होतं वापरणाऱ्याचं मत न घेणं, आणि दुसरं, गंमत बघ, साधन फार सहज मिळून जाणं. मीही पुष्कळ वर्षं उलट्या क्रमाने काम केलं, यापेक्षा जास्त त्याबद्दल लिहीत नाही. म्हणून हट्ट धरते.

पालकांना सांग, यंत्राची मागणी पंधरा दिवस थांबवा. ते रागावतील, त्यांना वाटेल तू वेळ काढतेयस. त्यांच्या हातात टेप दे, मापं त्यांनाच घेऊ दे. आणि मुलाला विचार. नवी बैठक आवडली नाही तर तो सांगेल, रडून, ताठून, कसंही. तेही बोलणंच आहे, वहीत लिही.

पुढच्या पत्रात ॲपचं नाव नको. दोन्ही मांड्यांची मापं, दहा वेळा दाबण्या-सोडण्याचे आकडे आणि नवा व्हिडिओ पाठव. या वेळी बाजूने काढ, खुर्चीच्या उंचीवर कॅमेरा ठेवून. कंबर आणि तळवे दिसले पाहिजेत, चेहरा नाही दिसला तरी चालेल.