धोकादायकता, घातकता की सराईतपणा?

फौजदारी कायद्यावरचा एक लेख मराठीत आणताना एका वाचकाला अडचण आली आहे. गुन्हेगाराची जी ‘पर्सनल डेंजरसनेस’ शिक्षा ठरवताना पाहिली जाते, तिला ‘व्यक्तिगत घातकता’ म्हणावं का?

मी ‘धोकादायकता’ म्हणेन. शब्द कानाला जड आहे, पण अर्थाला तोच पुरा पडतो.

‘घातक’च्या मुळाशी ‘हन्’ धातू आहे, म्हणजे ठार मारणं. घातक विष, घातक हत्यार म्हणताना मारण्याची ताकद त्या वस्तूत आधीच भरलेली असते. इथे प्रश्न आहे तो एखाद्याच्या हातून पुढे काय घडू शकेल याचा. ही शक्यता ‘धोका’ नेमकी पकडतो. पुलाला आपण धोकादायक म्हणतो तेव्हा तो अजून उभा असतो. ‘सराईत’ मागे पाहतो, आजवर किती गुन्हे केले ते सांगतो. पहिल्याच गुन्ह्यात सापडलेला माणूस सराईत नसतो, धोकादायक असू शकतो. ‘गुन्हेगारी प्रवृत्ती’ मात्र मला फार खटकते. त्यात उपजत खोट असल्याचा निकालच देऊन टाकलेला असतो, आणि ज्याच्याबद्दल बोलायचं त्याच्यावर तो अन्याय आहे.

या कल्पनेचा जन्म झाला त्या इटालियन भाषेतही शब्दांची अशीच ओढाताण झाली होती. 1880 च्या दशकात इटालियन कायदेपंडित राफाएले गारोफालो यांनी ‘तेमिबिलिता’ हा शब्द पुढे आणला. त्याचं मूळ ‘तेमेरे’, म्हणजे भिणं. या गुन्हेगाराकडून किती वाईटाची भीती बाळगावी लागेल, ते माप. मराठीत त्याला ‘भयप्रदता’ म्हणता येईल. पण भीती तर बघणाऱ्याच्या मनात असते! पुढे ‘पेरिकोलोझिता’ हा शब्द रूढ झाला; त्याचं मूळ ‘पेरिकोलो’, म्हणजे धोका. 1930 च्या इटालियन दंडसंहितेच्या कलम 203 मध्ये तो ‘सामाजिक’ हे विशेषण लावून येतो, आणि तिथे निकष असतो नवे गुन्हे करण्याच्या संभवाचा. त्यावरून जे लादलं जातं त्याला ती संहिता शिक्षा म्हणत नाही, ‘सुरक्षा उपाय’ म्हणते. शिक्षा असते घडून गेलेल्या कृत्याची, उपाय असतो पुढे घडू शकणाऱ्या कृत्यावर. भाषांतरात हे दोन शब्द एकमेकांत मिसळू देऊ नका. नाव बदलल्याने वस्तू बदलते का, हा वेगळा प्रश्न. जर्मनीतल्या अशाच एका स्थानबद्धतेला स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने 2009 मध्ये शिक्षाच मानलं.

आता ‘व्यक्तिगत’. ‘व्यक्तिगत धोका’ वाचताच मराठी माणसाला स्वतःच्या जिवाला असलेला धोका आठवतो, म्हणून हे विशेषण इथे नको. मूळ लेखकाला बहुधा कृत्य आणि कर्ता यांत फरक करायचा असावा. तो फरक खरा आहे: रशियाच्या 1996 च्या दंडसंहितेत गुन्ह्याच्या व्याख्येतच ‘समाजाला धोकादायक कृत्य’ असं म्हटलं आहे, म्हणजे तिथे धोकादायक ठरतं ते कृत्य. तेव्हा ‘कृत्याची धोकादायकता’ आणि ‘गुन्हेगाराची धोकादायकता’ अशी जोडी ठेवा.

आणि वाक्य लांबत असेल तर नामाचा हट्ट सोडून क्रियापद आणा. ‘आरोपीची धोकादायकता विचारात घेऊन’पेक्षा ‘आरोपी पुन्हा गुन्हा करण्याचा कितपत संभव आहे हे पाहून’ अधिक मराठी वाटतं.