आबांची बंदूक आणि दादाचा राग

‘गेल्या वर्षी आबा गेले. वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी माळ्यावरून त्यांची छऱ्याची बंदूक आणि निशाण्याच्या जुन्या कार्डांचा गठ्ठा काढून मी सोप्यात मांडला, तर थोरला भाऊ पाहुण्यांदेखत म्हणाला, “ते आधी विहिरीत टाक.” आबा दर रविवारी परसात आम्हा दोघांना नेमबाजी शिकवायचे. माझ्या लहानपणातले सर्वांत सुखाचे दिवस ते. दादा म्हणतो, त्याला ती शिक्षा वाटायची. मग माझी आठवण खोटी समजायची का? आणि माझ्या बारा वर्षांच्या मुलाला आजोबांच्या त्याच बंदुकीवर शिकायचे आहे, ती त्याच्या हाती द्यावी का?’
– एक वाचक भगिनी, कोल्हापूर जिल्हा

ताई,

तुमची आठवण खोटी नाही आणि दादांचीही नाही. पोत्यावर पालथे झोपून कोपर रोवायचे, नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचा उंचवटा, मागच्या खाचेत बरोबर मधोमध आणायची, आबांनी खांद्यावर हात ठेवून ‘श्वास सोड, थांब, आता दाब’ म्हणायचे आणि पत्र्यामागच्या मातीत छर्रा रुतल्याचा आवाज यायचा, हे तुम्ही इतके नेमके लिहिले आहे की ते घडलेच नाही असे कोण म्हणेल? पण ज्याचा छर्रा वर्तुळात लागतो त्याच्या मागे उभे असलेले वडील आणि ज्याचा सारखा बाहेर जातो त्याच्या मागे उभे असलेले वडील, हे एकाच घरातले असले तरी एकसारखे वागत नाहीत. परसू एकच असले तरी त्या मुलांच्या वाट्याला आलेला रविवार एक नव्हता.

तुमच्या पत्रातले एक वाक्य तुम्ही लिहून पुढे गेलात, मी मात्र तिथे थांबले. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर आईची बांगडी ठेवून आबा वर्तुळे आखत आणि मागे तारीख व नाव घालून ती कार्डे जपून ठेवत, असे सांगताना तुम्ही म्हणता, ‘दादाची कार्डे त्यात तीन-चारच निघाली.’ असे का झाले हे मला ठाऊक नाही. आबांनी ठेवली नसतील किंवा दादांनी स्वतःच फाडून टाकली असतील. पण वर्षश्राद्धाला जमलेल्या भावकीसमोर तुम्ही मांडलेला तो गठ्ठा दादांच्या दृष्टीने काय होता, याचा विचार करून पाहा. चाळीस वर्षांपूर्वीचा निकाल पुन्हा चारचौघांत लागला होता. त्यांचा राग बंदुकीपेक्षा त्या गठ्ठ्यावर अधिक असावा, असे मला वाटते.

आणखी एक गोष्ट आहे. तुम्ही लिहिता की दादा नेम धरताना मान फार वाकडी करायचे, ‘डावा डोळा मीट’ म्हणून आबा ओरडायचे आणि मग दादांचा हात थरथरू लागायचा. आपले दोन डोळे नेम धरण्याच्या कामी सारखे नसतात, त्यांतला एक प्रमुख असतो. आणि उजव्या हाताने काम करणाऱ्या कित्येकांचा प्रमुख डोळा डावा असतो. असे मूल बंदूक उजव्या खांद्याला लावते, पण नेम डाव्या डोळ्याने शोधते, मान वाकडी होते आणि छर्रा भलतीकडे जातो. आज प्रशिक्षक सुरुवातीलाच ही तपासणी करतात. दोन्ही हात पुढे ताणून तळव्यांमधल्या छोट्या फटीतून दूरची वस्तू पाहायची आणि एकेक डोळा मिटायचा, ज्या डोळ्याने ती जागच्या जागी दिसते तो प्रमुख. परसात शिकवणाऱ्या शेतकरी बापाला हे कुणी सांगितले नव्हते. दादांचे असेच होते असा दावा मी पत्रावरून करणार नाही, शक्यता मात्र दाट आहे.

कृपा करून ही माहिती घेऊन लगोलग दादांकडे धावू नका. ‘तुझा दोष नव्हता, डोळ्याचा होता’ असे ऐकवले की विषय पुन्हा नेम लागला की चुकला यावरच येतो आणि त्यांचे दुखणे तर नेमके तेच आहे. आधी त्यांच्याकडे एकट्या जा, बंदूक नेऊ नका. न विचारता तो गठ्ठा लोकांपुढे मांडला याबद्दल सरळ माफी मागा आणि मग त्यांना ते रविवार कसे आठवतात ते विचारा. ते बोलू लागले तर ‘आबा तसे नव्हते रे’ हे वाक्य तोंडून येऊ देऊ नका, ‘त्यांचा तुझ्यावरही जीव होता’ हेही त्या दिवशी नको. ते गप्प राहिले तर चहा घेऊन परत या. डोळ्याची गोष्ट पुढे कधीतरी, त्यांनीच हसत विषय काढला तर.

दादांचे खरे मानले तर आपले आबा आपल्या हातून जातील, अशी धास्ती तुमच्या पत्रात ओळीओळीला जाणवते. ती बाळगू नका. पाखरावर नेम धरायचा नाही, बंदुकीचे तोंड माणसाकडे वळवायचे नाही, हे दंडक घालणारे आणि मुलगी म्हणून तुम्हाला बाजूला न बसवणारे आबा खरेच होते. तेच आबा एका लेकराच्या बाबतीत धीर सोडत, हेही तितकेच खरे. आई-बापांच्या बाबतीत हे मला नवलाचे वाटत नाही.

मुलाला ती बंदूक देऊ नका, असे माझे स्पष्ट मत आहे. ४.५ मिलिमीटर छऱ्याच्या आणि २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या एअर गनला २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही, त्यामुळे पुष्कळ घरांत तिला खेळणे समजतात. पण तिच्या छऱ्याने डोळा कायमचा जाऊ शकतो. शिवाय नळी खाली वाकवून भरायची जुनी स्प्रिंगची बंदूक बारा वर्षांच्या पोराला जड जाते, आणि भरताना नळी हातातून निसटली तर बोटे चिरडतात. मुलगा जर नेमबाज स्वप्नील कुसाळे यांचे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधले कांस्यपदक पाहून पेटला असेल, तर त्याला प्रशिक्षक असलेल्या नेमबाजीच्या रेंजवर घाला. तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत या नेमबाज ज्या कोल्हापूरच्या, तिथे तुम्हाला फार लांब शोधावे लागणार नाही. दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका जेमतेम अर्धा मिलिमीटर असतो, तेव्हा तोही सुरुवातीला खूप चुकेल. त्या काळात ‘मी तुझ्याएवढी असताना’ ही गोष्ट त्याला सांगू नका.

बंदुकीचे काय करायचे ते तुम्ही आणि दादा मिळून ठरवा, त्याला वर्ष लागले तरी चालेल. तोवर नळीत छर्रा अडकलेला नाही ना हे जाणकाराकडून पाहून घ्या, बंदूक कपाटात कुलपात ठेवा, छर्रे दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि किल्ली कुठे असते हे मुलाला कळू देऊ नका.