हप्ते वहीत आहेत, कोर्टात नाहीत

तासगावकडच्या एका द्राक्ष बागायतदारांनी लिहिलंय. औषधाच्या दुकानाची उधारी थकली, दुकानदाराने दावा लावला, ३ लाख ६० हजारांचा हुकूमनामा (कोर्टाचा निकाल) झाला, महिना १५ हजारांचे हप्ते आणि दोन चुकले की सगळी रक्कम एकदम. सात हप्ते यांनी रोख दुकानात नेऊन दिले, मग पावसात दावण्या रोगाने बाग गेली, पुढचे थकले, आता दरखास्तीत (हुकूमनाम्याच्या वसुलीच्या कामात) दिवाणी कैदेची नोटीस आलीय आणि त्यात बाकी पूर्ण ३ लाख ६० हजार. विचारतायत, जेलमध्ये घालतील का.

जेलचं नंतर बघू. दादा, त्या १ लाख ५ हजारांची पावती कुठाय? "त्यांच्या वहीत मांडलंय" म्हणता. अहो, वही त्यांची, पेन त्यांचं, आणि तुम्ही फोटोसुद्धा काढला नाही! असली पत्रं मला द्राक्षाच्या हंगामानंतर हमखास येतात. दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर २१ रूल २ आहे, कोर्टाबाहेर दिलेले पैसे कोर्टात नोंदवले नसतील तर दरखास्त चालवणारं कोर्ट ते धरतच नाही. नोंदवायला तुम्हाला पैसे दिल्यापासून ३० दिवस, मुदत कायद्याचा अनुच्छेद १२५, आणि ऑर्डर २१ च्या अर्जाला उशीर माफ होत नाही, त्याच कायद्याचं कलम ५ तिथे चालत नाही. म्हणजे सातही हप्ते तुमच्या बाजूने गेल्यात जमा. दुकानदाराने स्वतः वसुलीची पुरसीस, म्हणजे पैसे मिळाल्याचं कोर्टात लेखी, दिली तरच वाचतील, त्याला मात्र ही ३० दिवसांची अडचण नाही, तेव्हा लोकअदालतीत बसवून पुरसीस आणि नवे हप्ते एकाच कागदावर घ्या.

पण पत्रात शेवटी सहज लिहिलंय की मागच्या आठवड्यात ८ हजार फोनवरून पाठवले. हे आधी का नाही सांगितलं! बँकेचं स्टेटमेंट काढा आणि उद्याच नोंदीचा अर्ज द्या, याची मुदत अजून आहे.

आता जेल. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५१ प्रमाणे नुसते पैसे नाहीत म्हणून आत टाकता येत नाही, ऐपत असून देत नाही किंवा लबाडीने मालमत्ता फिरवली हे दिसावं लागतं, सुप्रीम कोर्टाने १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस केसमध्ये हेच सांगितलंय. (आत टाकलंच तर तुमचा भत्ता दुकानदारालाच भरावा लागतो, आणि कर्ज तरी फिटत नाहीच.) प्रश्न ऐपतीचा आहे. दुकानदार बेदाण्याच्या सौद्याची पट्टी (विक्रीचा हिशेब) आणून दाखवणार की एवढे आले, म्हणून तुम्ही मजुरी, औषध, सोसायटीचं कर्ज कशात किती गेलं ते कागदासकट मांडा. दिवाळीत पोराला नवी गाडी घेतलीत, त्याचं उत्तर आधी तयार ठेवा, ते विचारणारच.

राहतं घर, बैल, अवजारं, बियाणं कलम ६० मुळे जप्त होत नाही. ट्रॅक्टरचं मी छातीठोक सांगत नाही, तो वादाचा विषय आहे. जमिनीला संरक्षण नाही, पण म्हणून ती आत्ता भावाच्या नावावर करायला जाऊ नका, तीच लबाडी ठरेल. हप्ता कमी करून मागायची मुदतही हुकूमनाम्यापासून ३० दिवसच होती, त्यावर फार भरवसा ठेवू नका. नादारीचा (दिवाळखोरीचा) अर्ज हा शेवटचा मार्ग, आणि आपल्याकडे त्याला किती वर्षं लागतात ते विचारूच नका.

तारखेला मात्र स्वतः हजर राहा, "वकील बघतील" म्हणून घरी बसू नका. गैरहजर राहिलात आणि समोरच्याने मागितलं तर थेट पकड वॉरंट निघतं, मग ऐपतीचं सांगायचं ते बेलिफासोबत जाऊन सांगावं लागेल.