वैशाखात लग्न आहे, त्याआधी लेझर करून घ्यावं का?

प्रश्न : माझी मुलगी २१ वर्षांची आहे, पुण्यात इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. उजव्या डोळ्याचा नंबर मायनस ६.५, डाव्याचा मायनस ७. मागच्या वर्षी दोन्हीकडे ६ होता. तिला अॅलर्जी आहे, सारखे डोळे चोळत असते. वैशाखात तिचं लग्न आहे, त्याआधी चष्मा घालवावा असं तिला आणि आम्हालाही वाटतं. नात्यातल्या एका मुलीने लेझर केलं आणि तिसऱ्या दिवशी ती ऑफिसला गेली. पण मला भीती वाटते. डोळा आतून भाजत तर नाही ना? दुखतं का? नंबर पुन्हा येतो का? खर्च किती?
– एक आई, तासगाव

उत्तर : ताई, अॅलर्जी आणि मागच्या वर्षीचा नंबर या दोन गोष्टी तुम्ही पत्रात जाता जाता लिहिल्या आहेत. माझ्या दृष्टीने सगळा निर्णय त्यांच्यावरच आहे. मी स्वतः लेझर करत नाही, ते यंत्र माझ्या दवाखान्यात नाही. पण करावं का हे विचारायला आणि केल्यानंतर दाखवायला अनेक मुलं-मुली माझ्याकडे येतात, त्या अनुभवावरून लिहिते.

पहिली गोष्ट नंबरची. वर्षभरात नंबर ०.५ पेक्षा जास्त बदलत असेल, तर तो अजून थांबलेला नाही असं आम्ही धरतो. तुमच्या मुलीचा डावा डोळा एका वर्षात ६ वरून ७ वर गेला आहे. लेझर आजचा नंबर काढतं, पुढे वाढणारा नंबर थांबवत नाही. आत्ता घाई केली तर दोन-तीन वर्षांनी पुन्हा चष्मा लागण्याची शक्यता बरीच आहे.

दुसरी गोष्ट डोळे चोळण्याची, आणि ही मला जास्त काळजीची वाटते. बुबुळावरचा काचेसारखा पारदर्शक भाग म्हणजे कॉर्निया. काही जणांचा कॉर्निया मुळात नाजूक असतो. तो हळूहळू पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो, याला केरॅटोकोनस म्हणतात. डोळे चोळण्याच्या सवयीने तो वाढतो. आमच्याच भागातला, द्राक्षबागायतदारांच्या घरचा एक मुलगा दर काही महिन्यांनी चष्मा बदलून घ्यायचा. लेझरसाठी म्हणून तपासणी झाली आणि हा आजार सापडला. त्याचं लेझर रद्द झालं, त्याऐवजी कॉर्निया घट्ट करणारे सी-थ्री-आर उपचार करावे लागले. तपासणी न होता लेझर झालं असतं, तर आधीच कमजोर असलेला कॉर्निया आणखी पातळ झाला असता आणि नजर चष्म्यानेही नीट सुधारली नसती. म्हणून आज एवढंच करा : अॅलर्जीचे थेंब डॉक्टरांकडून लिहून घ्या (दुकानातून स्टेरॉइडचे थेंब परस्पर आणू नका) आणि तिचं चोळणं बंद करा.

आता तपासणी. कॉर्नियाची जाडी साधारण ५०० ते ५५० मायक्रॉन असते, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर. लॅसिक या लेझरच्या नेहमीच्या पद्धतीत वरचा सुमारे ११० मायक्रॉनचा पापुद्रा उचलतात आणि खालचा भाग लेझरने घडवतात. एका नंबरला साधारण १४ मायक्रॉन धरले, तर ७ नंबरला जवळपास १०० जातात. खाली निदान २५० शिल्लक राहायलाच हवेत, बरेच सर्जन ३०० चा आग्रह धरतात. जाडी ५४० असेल तर हिशेब आरामात बसतो. ४९० असेल तर २८० उरतात, आणि तिथे सावध डॉक्टर 'नको' म्हणतील. असा नकार मिळाला तर कृपा करून 'हो' म्हणणारा दुसरा दवाखाना शोधत फिरू नका. जास्त नंबरसाठी डोळ्यात बसवायची आयसीएल नावाची लेन्स असते. तिच्यात कॉर्निया पातळ करावा लागत नाही, पण नंबर थांबलेला तिलाही लागतो.

या तपासणीत कॉर्नियाचा नकाशा काढतात, अश्रू पुरेसे आहेत का ते बघतात, बाहुली मोठी करून मागचा पडदा तपासतात. ती कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असेल तर मऊ लेन्स एक-दोन आठवडे आणि कडक लेन्स तीन-चार आठवडे आधी बंद ठेवायची, नाहीतर नकाशा चुकीचा येतो. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, त्यांनी डोळे कोरडे पडतात. लग्न ठरलेल्या मुली त्वचारोगतज्ज्ञांकडे जातातच, म्हणून मुद्दाम लिहिलं.

भाजण्याची भीती मनातून काढा. हे एक्सायमर लेझर उष्णतेने जाळत नाही, ऊतींमधले रेणूंचे बंध तोडतं. १९८१ मध्ये अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या, मूळच्या मद्रासच्या रंगस्वामी श्रीनिवासन यांनी सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्की पक्ष्याच्या मांसाच्या तुकड्यावर ते वापरून पाहिलं. छेद स्वच्छ आला, कडा करपल्या नव्हत्या. त्यातूनच पुढे डोळ्यांची ही शस्त्रक्रिया आली.

इंजेक्शन नसतं, थेंबांनी डोळा बधिर करतात. दाब जाणवतो, काही क्षण अंधारून येतं, जळका वास आल्यासारखा वाटतो. हे आधी माहीत असलं की मुलं घाबरत नाहीत. नंतर काही तास आग आणि पाणी. पापुद्रा न उचलता वरून करतात त्या पीआरके पद्धतीत मात्र तीन-चार दिवस चांगलंच दुखतं आणि नजर स्वच्छ व्हायला काही आठवडे जातात. कोरडेपणा आणि रात्री दिव्यांभोवती वलयं दिसणं काही महिने राहू शकतं. मोजक्या लोकांत ते जास्त काळ टिकतं.

दोन्ही डोळ्यांचा खर्च पद्धतीनुसार पंचवीस-तीस हजारांपासून लाखाच्या पुढे जातो. नंबर साडेसातपेक्षा कमी असेल तर आरोग्य विमा सहसा हे पैसे देत नाही.

वैशाखासाठी मात्र माझं मत नाही असंच आहे. सगळं जुळून आलं असतं तरी हळद, होमाचा धूर, डोळ्यांचा मेकअप आणि जागरणं यांच्या निदान दोन-तीन महिने आधी ते व्हायला हवं होतं. लग्नाच्या दिवशी कॉन्टॅक्ट लेन्स लावता येईल, तीही अॅलर्जी आटोक्यात असेल तरच आणि आधी सवय करून. लेझर एक-दोन वर्षांनी, नंबर थांबल्यावर. मात्र गरोदरपणात आणि अंगावर दूध पाजत असताना नाही. होणाऱ्या जावयांना आणि सासरच्यांना नंबर मोकळेपणाने सांगा. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

आणखी एक. नंबर गेला तरी डोळा आतून लांबटच राहतो, पडद्याला भोक पडण्याचा किंवा तो सुटण्याचा धोका जात नाही. म्हणून पडद्याची तपासणी दरवर्षी. डोळ्यापुढे अचानक चमका किंवा काळे ठिपके आले तर त्याच दिवशी.

प्रश्न : वय ४४. नंबर मायनस ३. हल्ली वाचताना चष्मा काढावा लागतो. लेझरने जवळचा-लांबचा दोन्ही चष्मे जातील का?
– एक शिक्षिका, कराड

उत्तर : चष्मा काढल्यावर तुम्हाला साधारण ३३ सेंटिमीटरवरचं, म्हणजे हातातल्या वहीइतक्या अंतरावरचं, स्वच्छ दिसतं. दोन्ही डोळ्यांचं लेझर केलं की लांबचं सुधारेल, पण ही सोय जाईल आणि वह्या तपासायला रोज चष्मा लागेल. एक डोळा लांबच्यासाठी आणि दुसरा थोडा जवळच्यासाठी ठेवण्याची पद्धत आहे, पण ती सगळ्यांना मानवत नाही. आधी काही आठवडे तशा नंबरच्या कॉन्टॅक्ट लेन्स लावून बघा. त्या लावून फळ्यावर लिहा, वह्या तपासा, संध्याकाळी गाडीही चालवून बघा, पण पहिल्यांदा ओळखीच्या रस्त्यावर आणि सोबत कुणाला तरी घेऊन. काय जमलं आणि काय नाही ते टिपून डॉक्टरांकडे न्या, म्हणजे ठरवणं सोपं जाईल.